मधुमेह, मूत्रपिंड आणि हृदय: तिन्हींची नोंद एकाच वहीत ठेवण्याची रीत

मधुमेह होऊन दहा-बारा वर्षे झालेल्या माणसाच्या पायांवर संध्याकाळी सूज दिसू लागली, की घरात तिची कारणे लगेच ठरतात. वय झाले, दिवसभर पाय खाली सोडून बसणे झाले, नाहीतर बीपीच्या गोळीमुळे असेल. शेवटचे कारण कधीकधी खरेही असते, कारण अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात. पण मधुमेही माणसाच्या बाबतीत ही सूज मूत्रपिंडाकडून आली आहे की हृदयाकडून, हे विचारलेच पाहिजे, आणि पुष्कळदा तिचे मूळ दोन्हींकडे सापडते.

तरीही आपल्या घरांत या दोन अवयवांच्या फायली वेगळ्या असतात. इको आणि ईसीजी एका पिशवीत, किडनीच्या क्रिएटिनिन तपासणीचे कागद दुसरीत, आणि साखरेचे आकडे कुठल्यातरी डायरीच्या मागच्या पानांवर. हृदयाचे डॉक्टर पाणी उतरवण्याची गोळी वाढवतात, दुसरीकडे कोणीतरी ‘किडनीसाठी भरपूर पाणी प्या’ असे सांगते, आणि रुग्ण दोन्ही सल्ले मनापासून पाळतो. माझ्या मते मधुमेहींचे बरेच नुकसान या दोन फायलींच्या मधल्या जागेत होते. म्हणून पुढची सगळी पद्धत एका साध्या वहीभोवती मांडली आहे. औषध निवडणे, त्याचा डोस ठरवणे आणि बदलणे हे डॉक्टरांचे काम आहे. त्या निर्णयाला लागणारी माहिती एकत्र करून वेळेवर त्यांच्यासमोर ठेवणे हे मात्र घरच्यांना उत्तम जमू शकते.

दोन अवयव एकमेकांना कसे ओढतात

दोन्ही मूत्रपिंडांचे वजन मिळून जेमतेम अडीचशे ते तीनशे ग्रॅमच्या आसपास भरते, पण विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक त्यांच्याकडे जातो. दिवसाला साधारण १८० लिटर द्रव तेथे गाळला जातो आणि त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतला जाऊन लघवी म्हणून फक्त दीड-दोन लिटर बाहेर पडतो. गाळण्याचे हे काम प्रत्येक मूत्रपिंडातील सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या करतात.

मधुमेहात गाळलेल्या द्रवात साखर जास्त असते. ती परत शोषून घेताना सोडियमही जास्त शोषले जाते. त्यामुळे पुढच्या भागात मीठ कमी पोहोचते, मूत्रपिंडाला रक्तच कमी येत असल्याचा भास होतो, आणि ते आपल्या गाळण्यांत येणारी रक्तवाहिनी सैल करून दाब वाढवते. सुरुवातीच्या वर्षांत गाळण्याचा वेग त्यामुळे वाढलेलासुद्धा दिसतो आणि रिपोर्ट पाहून सगळे समाधानी असतात. मात्र त्या दाबाने गाळण्यांची जाळी झिजत जाते आणि अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीतून झिरपू लागते.

येथून हृदयाकडे जाणाऱ्या वाटा अनेक आहेत. मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवते, रक्तदाब चढतो आणि त्या दाबाविरुद्ध काम करून हृदयाची भिंत जाड व ताठर होते. रेनिन, अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरकांची साखळी सतत चालू राहिली, की हृदयाच्या स्नायूत तंतू साचतात. शिवाय रक्तपेशी तयार करण्याचा संदेश देणारे एरिथ्रोपोएटिन हे मूत्रपिंडातच बनते. ते कमी पडले की हिमोग्लोबिन उतरते, आणि तेवढाच प्राणवायू पुरवण्यासाठी हृदयाला अधिक राबावे लागते.

उलट दिशेची गोष्ट अधिक गैरसमजाची आहे. हृदय कमजोर झाले की मूत्रपिंडाला रक्त कमी मिळते, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याहून मोठा त्रास पुष्कळदा तुंबण्याचा असतो. हृदयाकडे परतणारे रक्त मागे साचते, मूत्रपिंडातून बाहेर जाणाऱ्या शिरांमधला दाब वाढतो, आणि पुढे वाट नसल्यामुळे गाळण्याचे काम मंदावते. गटार तुंबले की मोरीतले पाणी हलत नाही, तसेच हे आहे. म्हणूनच अंगावर सूज असलेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन वाढलेले असताना डॉक्टर पाणी उतरवण्याची गोळी वाढवतात, आणि सूज उतरल्यावर क्रिएटिनिन सुधारूही शकते. ‘किडनी खराब असताना ही गोळी कशाला’ असे म्हणून ती परस्पर बंद करणाऱ्यांनी हे कारण जरूर लक्षात घ्यावे.

पहिली पायरी: तीन तपासण्या, एका पानावर

पहिली तपासणी रक्तातील क्रिएटिनिनची, पण वहीत त्याच्याशेजारी ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, लिहिलाच पाहिजे. क्रिएटिनिन स्नायूंतून येते, त्यामुळे एकच आकडा दोन माणसांत वेगळे बोलतो. १.२ हा आकडा अनेक प्रयोगशाळांच्या कागदावर नॉर्मलच्या रकान्यात असतो. ३० वर्षांच्या पुरुषात त्यावरून ईजीएफआर ८३ च्या आसपास निघतो, तर ६५ वर्षांच्या स्त्रीत तो सुमारे ५० असतो. ६० च्या खालची पातळी तीन महिन्यांहून अधिक टिकली, तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार मानला जातो. म्हणजे कृश बांध्याच्या आजींचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट बराच काही लपवत असू शकतो.

दुसरी तपासणी लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांच्या प्रमाणाची, म्हणजे युरिन एसीआर. ही सर्वांत दुर्लक्षित आहे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची. नेहमीच्या लघवी तपासणीत ‘अल्ब्युमिन निरंक’ लिहून आले म्हणून हायसे वाटून घेऊ नये, कारण थोड्या प्रमाणातली गळती त्या पट्टीला कळत नाही. एसीआर दर ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या खाली असावा, ३० ते ३०० ही मध्यम वाढ आणि ३०० च्या पुढे ती तीव्र. ईजीएफआर उत्तम असतानाही एसीआर वाढलेला असेल, तर पुढे हृदयविकाराचा आणि हार्ट फेल्युअरचा (म्हणजे शरीराला लागणारे रक्त पुरवण्यात हृदय कमी पडण्याचा) धोका वाढलेला असतो. नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा द्यावा. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचे खूप श्रम यांमुळे आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून तीन ते सहा महिन्यांतल्या तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले आले तरच निदान पक्के करतात. टाइप २ मधुमेहात ही तपासणी निदानाच्या दिवसापासून आणि टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर, दरवर्षी एकदा तरी व्हायला हवी. आकडे बिघडलेले असतील तर वर्षातून दोन ते चार वेळाही लागते.

तिसरी हृदयाची. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०२२ च्या अहवालाने मधुमेहींमध्ये लक्षणे नसतानाही वर्षातून एकदा एनटी-प्रोबीएनपी किंवा बीएनपी ही, हृदयावरचा ताण दाखवणारी, रक्ततपासणी करावी असे सुचवले. एनटी-प्रोबीएनपी १२५ किंवा त्याहून अधिक आले, तर पुढे इको करतात. मात्र मूत्रपिंड मंदावले असेल तर हा आकडा आपोआप वाढतो, आणि लठ्ठ व्यक्तीत तो फसवा कमी येतो. म्हणून त्याच्या शेजारी ईजीएफआर आणि वजन लिहिलेले असावे. ही तपासणी खर्चिक आहे. ती परवडत नसेल, तर निदान दम लागणे, सूज किंवा अकारण थकवा जाणवताच इकोसाठी विचारावे.

इकोच्या कागदावर बहुतेक जण फक्त पंपिंगचा आकडा पाहतात. तो ६० टक्के असला तरी हार्ट फेल्युअर असू शकते. हृदय आकुंचन नीट पावते, पण ताठर झाल्यामुळे सैल होऊन पुरेसे भरत नाही. मधुमेह, वाढलेले वजन आणि मूत्रपिंडविकार जेथे एकत्र असतात, तेथे हा प्रकार वारंवार आढळतो. ‘पंपिंग चांगले आहे, मग दम कशाने लागतो’ असा प्रश्न पडला असेल, तर तो डॉक्टरांना याच शब्दांत विचारावा.

दुसरी पायरी: रोजचे पान

सकाळी उठून लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, साधारण सारख्याच कपड्यांत वजन करावे आणि तारखेसह लिहावे. चरबी एका रात्रीत किलोने वाढत नाही, पाणी वाढते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन चढले, तर सूज दिसण्याची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. वजनकाटा महागडा असण्याची गरज नाही, फक्त तो रोज एकाच जागी सपाट फरशीवर ठेवलेला असावा.

वजनाच्या पुढे बीपी लिहावे. बहुतेकांना १३० बाय ८० च्या खालचे लक्ष्य दिलेले असते. त्याच ओळीत चार-पाच प्रश्नांची उत्तरे असावीत. रात्री किती उशा लागल्या? झोपेतून दम लागून उठून बसावे लागले का? नेहमीचा जिना चढताना मध्ये थांबावे लागले का? चपलेचा पट्टा घट्ट झाला का, आणि नडगीवर अंगठा दाबल्यावर खळगा राहतो का? रात्री लघवीला तीन-चारदा उठावे लागणे प्रोस्टेटमुळे असू शकते, साखरेमुळे असू शकते, आणि दिवसभर पायांत साचलेले पाणी आडवे झाल्यावर परत रक्तात येते म्हणूनही असू शकते.

साखरेच्या नोंदीबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. इन्सुलिनचा बराच भाग मूत्रपिंडे निकाली काढतात. ती मंदावली की इन्सुलिन आणि काही गोळ्या, विशेषतः ग्लिबेनक्लामाइड, शरीरात जास्त वेळ रेंगाळतात आणि साखर खाली येऊ लागते. घरात आनंद होतो की इतक्या वर्षांनी शुगर ताब्यात आली आणि इन्सुलिनही कमी लागते. आहार, वजन, व्यायाम यांत काहीही बदल नसताना असे घडले, तर तो मूत्रपिंड तपासण्याचा इशारा समजावा. रक्तक्षय असेल तर एचबीए१सीचा (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा) आकडाही दिशाभूल करतो, म्हणून हिमोग्लोबिन आणि लोह यांची तपासणी त्याच पानावर हवी.

तिसरी पायरी: मीठ मोजणे, पाणी ठरवून घेणे

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. घरात ते चमच्याने मोजत बसण्यापेक्षा पुडा मोजणे सोपे आहे. चार माणसांच्या घरात ५ ग्रॅमच्या हिशेबाने महिन्याला ६०० ग्रॅम मीठ लागते. एक किलोचा पुडा महिन्यातच संपत असेल, तर माणशी आठ ग्रॅमहून अधिक होते, आणि त्यात वडापाव, फरसाण, शेव व बेकरीचे पदार्थ धरलेलेच नाहीत. लोणचे, पापड, कुरडया, सांडगी मिरची, सुकट आणि सुके बोंबील यांत मीठ टिकवणुकीसाठी असते, त्यामुळे ‘एवढीशी फोड’ही हलकी नसते. पोट जड झाल्यावर घेतल्या जाणाऱ्या फसफसत्या पावडरीत आणि खायच्या सोड्यातही सोडियम भरपूर असते. उपवासाचे सैंधव मीठ हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे.

दुकानात मिळणारे ‘कमी सोडियमचे मीठ’ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. मूत्रपिंड मंदावलेल्या आणि रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही बीपी-हृदयाची औषधे घेणाऱ्या माणसात त्याने पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रिपोर्टमध्ये पोटॅशियम ५.५ च्या वर दिसले तर त्याच दिवशी कळवावे. नारळपाणी, केळी, रताळे, बटाटा हे पदार्थ मात्र सर्वांनीच बंद करायचे नाहीत. ज्यांचे पोटॅशियम वाढलेले आहे त्यांनी आहारतज्ज्ञांकडून प्रमाण ठरवून घ्यावे.

पाण्याबद्दल सरसकट नियम नाही. सूज आणि दम असलेल्यांना किंवा रक्तातील सोडियम उतरलेल्यांना डॉक्टर दीड-दोन लिटरची मर्यादा घालतात, आणि त्यात चहा, ताक व आमटीचे पाणीही धरायचे असते. इतरांनी तहानेप्रमाणे प्यावे. ‘जास्त पाणी प्यायल्याने किडनी धुऊन निघते’ हा समज हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला थेट इस्पितळात पोहोचवू शकतो.

चौथी पायरी: औषधांबद्दल विचारायचे प्रश्न

‘माझ्यासाठी एसजीएलटी२ गटातली गोळी योग्य आहे का?’ हा पहिला प्रश्न. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन आणि कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या मूत्रपिंडात साखर व सोडियम परत शोषले जाण्याची वर सांगितलेली प्रक्रियाच अडवतात, त्यामुळे गाळण्यांतला दाब उतरतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्पा-रेग अभ्यासात हृदयविकार असलेल्या मधुमेहींचे हार्ट फेल्युअरसाठी इस्पितळात दाखल होणे ३५ टक्क्यांनी कमी झाले. २०१९ च्या क्रेडेन्स अभ्यासात मूत्रपिंडविकार असलेल्या मधुमेहींमध्ये मूत्रपिंड बिघडण्याचा वेगही घटला आणि हार्ट फेल्युअरसाठीचे दाखल होणे ३९ टक्क्यांनी कमी झाले. दोन्ही अवयवांना एकाच गोळीने आधार मिळतो, हे साखर उतरवणाऱ्या गोळ्यांत पूर्वी नव्हते. भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपल्यामुळे त्यांच्या किमतीही खूप उतरल्या आहेत. खर्चामुळे कधी नाकारली असेल, तर आता पुन्हा विचारावे. या गोळ्यांनी जननेंद्रियाच्या भागात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. तेथील स्वच्छतेबद्दल संकोच न करता बोलावे.

रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारख्या गोळ्या लघवीतून अल्ब्युमिन जात असल्यास मूत्रपिंडाचे रक्षण करतात. त्या किंवा एसजीएलटी२ गटातली गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढू शकते. गाळण्यांतला जादा दाब उतरल्याची ती खूण असते आणि सुमारे ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा स्वीकारली जाते. हा आकडा पाहून घाबरून गोळी बंद करणे ही मोठी चूक आहे. एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासायचे, आणि गोळी सुरू केल्याची तारीख वहीत लिहून ठेवायची, म्हणजे वाढ कशाने झाली हे डॉक्टरांना लगेच कळते.

फिनेरेनोन आणि सेमाग्लुटाइड या औषधांचाही मधुमेहातील मूत्रपिंडविकारात लाभ दिसला आहे. सेमाग्लुटाइडच्या २०२४ च्या फ्लो अभ्यासात मूत्रपिंडाच्या गंभीर घटना आणि मूत्रपिंड वा हृदयामुळे होणारे मृत्यू मिळून २४ टक्क्यांनी घटले. ती महाग पडू शकतात, म्हणून आधीच्या स्वस्त गोळ्या पूर्ण डोसात सुरू आहेत का, हे आधी पाहावे.

मधुमेहाच्या टाळायच्या औषधांचीही विचारणा हवी. पायोग्लिटॅझोन शरीरात पाणी धरते, म्हणून हार्ट फेल्युअरमध्ये ते देत नाहीत. सॅक्साग्लिप्टिनने हार्ट फेल्युअरसाठी दाखल होण्याचे प्रमाण वाढल्याचे २०१३ मध्ये दिसले. मेटफॉर्मिन ईजीएफआर ४५ खाली गेल्यावर सहसा कमी करतात आणि ३० खाली बंद करतात.

पाचवी पायरी: घरातला औषधांचा डबा उघडणे

गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या शोधून बाजूला काढाव्यात. त्या मीठ-पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळतात. टेल्मिसार्टन, पाणी उतरवण्याची गोळी आणि त्यावर अशी वेदनाशामक गोळी हे त्रिकूट काही दिवसांतच मूत्रपिंड बंद पाडू शकते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत चालते. घटक न लिहिलेली ‘शुगरची पुडी’ किंवा अनोळखी भस्मे कोणाच्याही सांगण्यावरून घेऊ नयेत. अँजिओग्राफी किंवा रंगद्रव्य टोचून करायचे सीटी स्कॅन ठरले, तर ताजा ईजीएफआर आधी दाखवावा.

सहावी पायरी: आजारपण आणि उपवास यांची लेखी सूचना आधीच घेणे

उलट्या, जुलाब किंवा तापामुळे खाणेपिणे थांबले, की एरवी रक्षण करणाऱ्या गोळ्याच त्रासदायक ठरू शकतात. अशा दिवशी मेटफॉर्मिन, एसजीएलटी२ गटातली गोळी, टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि पाणी उतरवण्याची गोळी यांपैकी कोणती थांबवायची आणि पुन्हा केव्हा सुरू करायची, हे बरे असतानाच डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्यावे. इन्सुलिन मात्र पूर्णपणे बंद करायचे नसते. एसजीएलटी२ गटाची गोळी चालू असताना निर्जळी किंवा कडक उपवास केला, तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकते. मळमळ, पोटदुखी आणि जोरजोराने श्वास ही त्याची लक्षणे आहेत. आषाढी असो वा नवरात्र, उपवास करायचाच असेल तर तो आठवडाभर आधी डॉक्टरांच्या कानावर घालावा. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वीही ही गोळी किमान तीन दिवस आधी थांबवतात.

केव्हा थांबायचे नाही

बसल्या जागी दम लागणे, आडवे होताच गुदमरणे, फेसाळ किंवा गुलाबीसर कफ, छातीत दाबल्यासारखे दुखणे, शुद्ध हरपणे किंवा दिवसभर लघवीच न होणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांना हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत दुखेलच असे नाही, केवळ घाम आणि दम एवढ्यावरही तो येऊन जातो. रुग्णाला टेकवून बसवावे, १०८ ला फोन करावा, आणि निघताना वही व चालू गोळ्यांच्या पट्ट्या एकाच पिशवीत सोबत घ्याव्यात. अनोळखी इस्पितळात रात्री दोन वाजता कामावर असलेल्या डॉक्टरांना मागच्या महिन्याचे क्रिएटिनिन आणि कालचे वजन मिळाले, तर पाणी किती उतरवायचे हे त्यांना अंदाजाने ठरवावे लागत नाही.